विज्ञान विभागातील संशोधक विद्यार्थ्याने शिकवायला सुरुवात कशी करावी

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागात पीएच.डी.साठी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच वर्षी कोर्सवर्क, विषयाची निश्चिती आणि संशोधन समितीपुढचे सादरीकरण अशी कामे एकदम येऊन पडतात, आणि शिकवण्याचा विचार साहजिकच मागे राहतो. पुढे प्रबंध सादर झाल्यावर सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ‘आजवर कोणत्या वर्गाला काय शिकवले?’ असा साधा प्रश्न येतो, तेव्हा गेल्या चार-पाच वर्षांत हे सहज करता आले असते याची जाणीव होते. हा लेख त्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी आहे. नियम आणि पद्धती महाराष्ट्रातील विद्यापीठांना धरून सांगितल्या आहेत, आणि उदाहरणे मुख्यतः रसायनशास्त्राची घेतली आहेत. इतर विज्ञान विषयांच्या विद्यार्थ्यांना ती आपापल्या प्रयोगशाळेला लावून घेता येतील.

शिकवण्याची सुरुवात बी.एस्सी.च्या किंवा एम.एस्सी. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. वर्गात तासभर बोलताना समोरच्याला किती कळले याचा पत्ता लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र विद्यार्थ्याच्या हातातला पिपेट पाहूनच कळते की त्याला काय समजले आहे आणि काय नाही.

पहिली पायरी : आपण कोणत्या गटात मोडतो हे पाहणे

विभागात वावरणारे सगळेच ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून ओळखले जात असले, तरी शिकवण्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती सारखी नसते. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, घेणाऱ्यांना १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ श्रेणीत गेल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. या रकमेबरोबर एक अट येते, ती म्हणजे अधिछात्रवृत्तीच्या काळात दुसरी पगारी नोकरी स्वीकारता येत नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांकडून अधिछात्रवृत्ती घेणाऱ्यांनीही आपल्या मंजुरीपत्रातील आणि हमीपत्रातील अटी शब्दशः वाचाव्यात, कारण शेजारच्या टेबलावरच्या मित्राला लागू असलेला नियम आपल्याला लागू असेलच असे नाही. एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पावर प्रोजेक्ट फेलो म्हणून काम करणाऱ्यांचा वेळ मुळात त्या प्रकल्पासाठी मंजूर झालेला असतो, म्हणून त्यांनी प्रकल्पप्रमुखांची लेखी संमती घेतल्याशिवाय प्रात्यक्षिकाची कोणतीही बॅच, म्हणजे विद्यार्थ्यांचा गट, स्वीकारू नये. ज्यांना कोणतीच अधिछात्रवृत्ती नाही, त्यांना बाहेरच्या महाविद्यालयात मानधनावर शिकवण्याची मोकळीक तुलनेने जास्त असते, पण पूर्णवेळ नोंदणी असल्यास विद्यापीठाचे उपस्थितीचे नियम त्यांनाही लागू होतात.

एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही थोडी वाट मोकळी आहे. अनेक विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजनेतून विभागातील प्रयोगशाळेत काम मिळते. त्यात द्रावणे तयार करणे, काचसामान लावणे, उपकरणांची नोंद ठेवणे अशी कामे असतात. हे शिकवणे नसले तरी उत्तम प्रात्यक्षिक घेणाऱ्याला जी माहिती लागते, ती नेमकी इथेच मिळते.

दुसरी पायरी : नियम काय म्हणतात

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयीचे विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. त्यांत कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) असावे असे म्हटले आहे, आणि त्याबरोबरच प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला, तो कोणत्याही विद्याशाखेचा असो, आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे असेही नमूद आहे. शिवाय ट्यूटोरियल, प्रयोगशाळेतील काम आणि मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचे अध्यापन किंवा संशोधन साहाय्य देता येते. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे ठाऊकच नसते. ‘मला शिकवू द्या’ ही विनंती करताना आपण कोणाकडून उपकार मागत नसून विनियमांत असलेली तरतूद अमलात आणण्याची विनंती करत आहोत, एवढे मनाशी पक्के असले की बोलण्यातला संकोच कमी होतो.

चार ते सहा तासांची ही मर्यादा प्रत्यक्षात कशी बसते ते पाहू. नव्या श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तास. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक ६० तासांचे होते, आणि पंधरा आठवड्यांत ते विभागले तर आठवड्याला चार तास पडतात. म्हणजे एक बॅच घेतली की चार तास गेले आणि जर्नल, म्हणजे विद्यार्थ्यांची प्रयोगवही, तपासणे व पूर्वतयारी यांना उरलेले दोन तास आले. म्हणून एका सत्रात एकच बॅच घ्यावी. दोन बॅचेस घेणाऱ्याचे संशोधन थांबते, आणि दुसऱ्या बॅचमधून पहिल्या बॅचपेक्षा वेगळे असे फारसे काही शिकायला मिळत नाही.

आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत हे काम अधिक बांधेसूद असते. तिथे अध्यापन साहाय्यक म्हणून अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याला आठवड्याला साधारण आठ तास काम नेमून दिले जाते आणि त्यात ट्यूटोरियल, प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका तपासणे यांचा समावेश असतो. राज्य विद्यापीठांच्या विभागांत मात्र हे बरेचसे विद्यार्थ्याच्या पुढाकारावर आणि मार्गदर्शकांच्या स्वभावावर अवलंबून असते, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची.

तिसरी पायरी : कोणाला, केव्हा आणि कसे विचारावे

पहिले बोलणे आपल्या गाइडशी, हा क्रम चुकवू नये. विभागप्रमुखांकडे थेट गेलेल्या विद्यार्थ्याच्या गाइडना ती गोष्ट तिसऱ्याकडून कळते आणि मग विनाकारण कटुता येते. गाइडना भेटताना आपल्या संशोधनाचे त्या सत्राचे नियोजन लिहून न्यावे, आणि आठवड्यातील कोणती दुपार प्रयोगाच्या दृष्टीने मोकळी आहे ते दाखवावे. रात्रभर चालणारी अभिक्रिया किंवा उपकरणावर आधीच आरक्षित केलेला वेळ असेल, तर त्या दिवशी बॅच मागू नये. गाइडना काळजी असते ती संशोधन मागे पडण्याची, आणि त्या काळजीचे उत्तर कागदावर तयार असले की संमती बहुधा मिळते.

वेळ साधणेही तितकेच आवश्यक आहे. पहिल्या सत्राचे वेळापत्रक साधारण जूनमध्ये आणि दुसऱ्या सत्राचे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आखले जाते. ते एकदा सूचना फलकावर लागले की बदल करायला कोणी राजी नसते. त्यामुळे वेळापत्रक समितीच्या प्राध्यापकांना त्याआधीच भेटावे. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज अर्ध्या पानापेक्षा मोठा नसावा. त्यात नोंदणी क्रमांक, गाइडची शिफारस आणि सही, कोणत्या वर्षाच्या कोणत्या प्रात्यक्षिकात साहाय्य करायची इच्छा आहे, आठवड्यातील किती तास आणि कोणत्या दिवशी, एवढे असले की पुरे. अर्जाची एक प्रत आवक क्रमांकासह स्वतःजवळ ठेवावी, पुढे अनुभवाचा दाखला मागताना ती उपयोगी पडते.

कोणती बॅच मागावी, असे मला विचारले तर मी पहिल्या वर्षाची म्हणेन. संशोधक विद्यार्थ्यांचा ओढा एम.एस्सी.च्या बॅचकडे असतो, कारण तिथले प्रयोग त्यांच्या संशोधनाच्या जवळचे असतात. परंतु मुळाक्षरे समजावून सांगण्याची कसोटी पहिल्या वर्षालाच लागते. फक्त पदव्युत्तर वर्ग असलेल्या विद्यापीठ विभागात ही सोय नसेल, तर जवळच्या संलग्न महाविद्यालयात विभागाच्या पत्राने अशी व्यवस्था होऊ शकते का, ते विचारून पाहावे.

चौथी पायरी : प्रयोग आधी स्वतः करून पाहणे

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक नव्या साहाय्यकांची फजिती इथेच होते. पाच-सहा वर्षांपूर्वी आपण केलेला प्रयोग आपल्याला येतो असे वाटते. येतो तो आपल्या हाताला, पण शिकवण्यासाठी तो दुसऱ्याच्या हातून कुठे बिघडेल हे माहीत असावे लागते.

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांचे टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून त्याचे प्रमाण मोजणे, घेऊ. मॅन्युअलमध्ये चार ओळींची कृती असते : शंकूपात्रात पिपेटने ऑक्झॅलिक आम्ल घ्या, विरल सल्फ्युरिक आम्ल घाला, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून परमँगनेट सोडा. बॅचच्या आदल्या दिवशी हे करायला बसल्यावर काय काय दिसते पाहा. परमँगनेटचे पहिले काही थेंब पडल्यावर रंग लगेच जात नाही, आणि हाच एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, समजून विद्यार्थी तिथेच थांबतो. अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीज आयनच तिचा वेग वाढवतात, म्हणून सुरुवातीला ती संथ आणि नंतर झपाट्याने चालते. हे त्याला थेंब पडत असतानाच सांगितले तर स्वयंउत्प्रेरण ही कल्पना आयुष्यभर लक्षात राहते. आम्ल कमी पडले तर तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, हा तोंडी परीक्षेतला जुना प्रश्न आहे, आणि परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते म्हणून रीडिंग जास्त येते हे त्याचे उत्तर आहे. द्रावण गडद जांभळे असल्यामुळे ब्युरेटमध्ये खालची वक्ररेषा दिसतच नाही, म्हणून इथे वरची कड वाचावी लागते. ही सूचना आधी दिली नाही तर बॅचमधले निम्मे विद्यार्थी डोळे ताणून खालची रेषा शोधत बसतात.

असे प्रत्येक प्रयोगाचे एक पान तयार करावे : कुठे अडते, कशामुळे अडते, पाहताक्षणी कसे ओळखावे, आणि त्यावर कोणता प्रश्न विचारावा. भौतिकशास्त्रात व्हर्नियरची शून्यत्रुटी कुठल्या चिन्हाने धरायची हे जसे दरवर्षी चुकते, किंवा वनस्पतिशास्त्रात कांद्याच्या मुळांची टोके चुकीच्या वेळी घेतली तर विभाजनाच्या अवस्थाच दिसत नाहीत, तसे प्रत्येक विषयात नेहमीच्या अडचणींचे ठरलेले भांडार असते. ते सर्वांत चांगले ठाऊक असते प्रयोगशाळा सहायकांना. कोणत्या बाटलीतले द्रावण केव्हा तयार केले, कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, कोणता तराजू हलतो, हे सगळे त्यांच्याकडून समजते. त्यांच्याशी आदराने वागणे हा तर शिष्टाचार आहेच, पण त्यांना ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारणारा आणि बॅच संपल्यावर काचसामान मोजून परत देणारा साहाय्यक पुढच्या सत्रातही त्यांना हवासा वाटतो.

सुरक्षिततेची तयारी याच दिवशी करावी. त्या प्रयोगातील प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक वाचलेले असावे. डोळे धुण्याची सोय, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि गॅसची मुख्य चावी कुठे आहे, हे आपल्याला अंधारातही सापडले पाहिजे. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय काही महाविद्यालयांत अजून दिसते, ती आपल्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी बंद करावी आणि त्यासाठी पिपेट बल्ब पुरेसे आहेत का हे आधी पाहून ठेवावे.

पाचवी पायरी : बॅचसमोर उभे राहिल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटेच फळ्याजवळ घालवावीत. या वेळेत प्रयोगाचा उद्देश, समीकरण, धोक्याच्या सूचना आणि निरीक्षणांचा तक्ता एवढेच सांगावे, आकडेमोड नंतरसाठी ठेवावी. सुरुवातीलाच सूत्र लिहून दिले की विद्यार्थी उत्तर आधी काढतो आणि रीडिंग त्याला जुळवतो.

त्यानंतरचा सारा वेळ टेबलांमधून फिरण्यात जावा. पंधरा-वीस जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाजवळ दोनदा थांबणे शक्य असते. पहिल्या फेरीत मांडणी पाहावी : ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच विसळली आहे का, शंकूपात्र मात्र फक्त पाण्याने धुतले आहे का, ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकला आहे का, फनेल वर तसेच राहिले आहे का. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याच्या हातातून पिपेट घेऊन स्वतः करून दाखवण्याचा मोह आवरावा, कारण हात आपला चालला की शिकणे त्याचे थांबते. फक्त सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा मागेपुढे न पाहता हात घालावा.

भाषेचा विचार इथे करायलाच हवा. बी.एस्सी.ला येणारे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. अकरावीपासून पुस्तके इंग्रजी होतात, आणि विषय समजत असूनही वाक्य जुळत नाही म्हणून ते गप्प बसतात. प्रयोगशाळेत त्यांच्याशी मराठीत बोलावे, पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवावेत आणि निष्कर्षाचे एक वाक्य त्यांच्याकडून इंग्रजीत लिहून घ्यावे. हळूहळू हे वाक्य दोन-तीन ओळींचे होते. बॅचमध्ये मराठी न येणारे विद्यार्थी असतील तर प्रत्येक सूचना त्यांच्यासाठी हिंदीत किंवा इंग्रजीत पुन्हा सांगावी, त्यांना अंदाजाने काम करायला लावू नये.

विद्यार्थी तुम्हाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतील, काही ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणतील. दोन्ही ठीक आहे, परंतु गुण देणारा माणूस म्हणून जे अंतर राखावे लागते ते राखावे. आपल्या बॅचमधील विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी घेऊ नये, त्यांच्याकडून भेटवस्तू स्वीकारू नये आणि रात्री-अपरात्री व्यक्तिगत संदेशांतून शंका सोडवू नयेत. शंकांसाठी विभागातच एक ठरलेली वेळ द्यावी.

सहावी पायरी : जर्नल, गुण आणि तोंडी परीक्षा

जर्नल तपासणे हे कंटाळवाणे काम समजून सही करून मोकळे होण्याची प्रथा आहे, आणि मला ती फार नुकसानकारक वाटते. टायट्रेशनमध्ये तीन रीडिंग घेऊन ‘सी.बी.आर.’ म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग लिहायचे असते. तिन्ही रकान्यांत शंभर टक्के तोच आकडा असलेली जर्नल्स दर बॅचला दिसतात. पहिल्या वर्षाच्या हाताला ०.१ मिलिलिटरचा फरक येणारच, आणि तो प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापले जात असतील तर बनावट आकडे लिहायला आपणच शिकवत आहोत. म्हणून रीडिंग थेट जर्नलमध्ये, पेनने आणि प्रयोग चालू असतानाच लिहायला लावावे, चुकलेला आकडा एका रेषेने खोडून शेजारी नवा लिहायला सांगावा, आणि प्रयोगशाळा सोडण्याआधी त्या पानावर तारखेसह सही करावी. उत्तर अपेक्षित आकड्यापासून दूर असले तरी कारणाचा शोध घेणारी दोन वाक्ये लिहिली असतील तर त्यांना गुण द्यावेत. पण गुणदानाचा हा निकष बॅचच्या प्रमुख प्राध्यापकांना आधी दाखवून त्यांची संमती घ्यावी, कारण अंतिम जबाबदारी त्यांची असते.

तोंडी प्रश्न सोप्यापासून अवघडाकडे न्यावेत, असे म्हणण्यापेक्षा मी म्हणेन की ते विद्यार्थ्याने आत्ताच केलेल्या कृतीपासून सुरू करावेत. ‘आम्ल घातल्यावर तू तापवलेस, का?’ या प्रश्नाला तो काहीतरी उत्तर देतोच. पुस्तकी व्याख्येने सुरुवात केली तर तो घाबरतो आणि पुढचे येत असलेलेही विसरतो.

आपली मर्यादाही ओळखावी. संशोधक विद्यार्थ्याचे साहाय्य अंतर्गत मूल्यमापनापुरते असते. सत्रान्त परीक्षेचे परीक्षक विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून रीतसर नेमले जातात, आणि त्यांच्या वतीने उत्तरपत्रिका तपासून देण्याची तोंडी विनंती आली तर ती नम्रपणे नाकारावी.

सातवी पायरी : ट्यूटोरियल आणि मग वर्ग

एक सत्र प्रात्यक्षिकात गेल्यावर ट्यूटोरियल मागावे. इथे प्राध्यापकांनी शिकवलेल्या भागावरची उदाहरणे सोडवून घ्यायची असतात. आपण फळ्यावर सोडवत जाणे सोपे असते, पण एकेक विद्यार्थ्याला फळ्याजवळ बोलावून त्याच्याकडून एकेक ओळ लिहून घेतली तर कोणती ओळ कुणाला अडते हे सर्वांना दिसते.

व्याख्यान सर्वांत शेवटी. गाइड परगावी असताना एखादा तास भरून काढणे ही नेहमीची संधी, पण त्याहून चांगले म्हणजे एका घटकाचे सलग तीन-चार तास मागून घेणे आणि त्यातल्या एका तासाला संबंधित प्राध्यापकांना मागच्या बाकावर बसण्याची विनंती करणे. नंतर त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोलावे. फळ्यावरचे अक्षर मागच्या बाकावरून दिसते का, बोलण्याचा वेग, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी आपण थांबतो का, हे आपल्याला स्वतःला कळत नाही.

आठवी पायरी : नेट, सेट आणि तासिका तत्त्व

विभागाबाहेर मानधनावर शिकवायचे तर पात्रता लागते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट ही राष्ट्रीय किंवा सेट अथवा स्लेट ही राज्यस्तरीय परीक्षा उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. म्हणून प्रबंध पूर्ण होण्याची वाट न पाहता ही परीक्षा आधी द्यावी. सीएसआयआर-यूजीसी नेट रासायनिक, भौतिक, जीव, गणितीय आणि पृथ्वी विज्ञान या पाच विषयांत होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने जीवविज्ञानाचा आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणितीय विज्ञानाचा पेपर निवडायचा असतो. पर्यावरणशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विषय मात्र यूजीसी-नेटमध्ये आहेत. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिचा पहिला पेपर अध्यापन आणि संशोधन अभियोग्यतेचा, ५० प्रश्न आणि १०० गुणांचा असतो, दुसरा विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुणांचा. सेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, सीएसआयआर नेटमध्ये मात्र ते कापले जातात, त्यामुळे दोन्हींची तयारी एकत्र केली तरी पेपर सोडवण्याची रीत वेगळी ठेवावी.

सेट-नेट झाल्यावर महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, सर्वांच्या बोलण्यातल्या ‘सीएचबी’वर, काम मिळू शकते. जाहिराती बहुधा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला येतात. अर्ज करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता घेतली जाणार आहे का, मानधन चालू शासन निर्णयाप्रमाणे आहे का, आणि ते किती महिन्यांनी हाती पडते. मानधन उशिरा मिळणे ही या पद्धतीतील जुनी आणि खरी वेदना आहे. गावाकडून येणाऱ्या, प्रवासखर्च खिशातून करणाऱ्या तरुण अध्यापकांना ती फार जाचते, आणि घरचा आधार नसलेल्याने त्याचा हिशेब आधीच करावा. अधिछात्रवृत्तीधारकांना हा मार्ग बंद असतो, हे पुन्हा लक्षात घ्यावे.

अनुभवाच्या मोजणीबाबत अनेकांचा गैरसमज असतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरला जात नाही. रजा न घेता, रीतसर नेमणुकीवर शिकवत असताना संशोधन केले असेल, तर तो सेवाकाळ मात्र धरला जातो. याच विनियमांतील छाननीच्या तक्त्यात अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण आहेत. तेव्हा विभागात घेतलेल्या प्रात्यक्षिकांचे गुण तक्त्यात मिळतील अशी अपेक्षा धरू नये. त्यांचा उपयोग होतो तो मुलाखतीतल्या प्रात्यक्षिक पाठाच्या वेळी, जिथे खडू हातात देऊन ‘दहा मिनिटे शिकवा’ असे सांगितले जाते.

नववी पायरी : विभागाबाहेरच्या जागा

शिकवणे केवळ अभ्यासक्रमातच होते असे नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका शालेय मुलांसाठी उपक्रम चालवते, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तर बहुतेक संशोधन संस्था लोकांसाठी दारे उघडतात. तिथे स्वयंसेवक म्हणून उभे राहून सातवीतल्या मुलाला वर्णपट समजावून सांगणे हा उत्तम सराव आहे. मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान पोहोचवण्याचे काम करते, आणि तिचे विभाग राज्यात इतरत्रही आहेत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र विज्ञान शिक्षणाचेच संशोधन करते. विद्यार्थी नेमके कुठे चुकतात याविषयी गंभीरपणे वाचायचे असेल त्याने तेथील साहित्य अवश्य पाहावे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या अभ्यासक्रमांनाही शंकानिरसनासाठी अध्यापन साहाय्यक लागतात, आणि ही संधी बहुधा तो अभ्यासक्रम घेणाऱ्या प्राध्यापकांच्या ओळखीतून मिळते.

अमेरिकेत पीएच.डी.साठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगतो की तिथे अध्यापन साहाय्य हा बऱ्याच विज्ञान विभागांत खर्चाचा मुख्य आधार असतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठ परिसरातील कामाची मर्यादा आठवड्याला २० तास आहे, आणि अनेक विद्यापीठे वर्गात पाठवण्यापूर्वी बोलण्याच्या इंग्रजीची चाचणी घेतात. इथे एक-दोन सत्रे प्रात्यक्षिके घेऊन गेलेल्यांना तिथला पहिला महिना सोपा जातो.

दहावी पायरी : नोंदी ठेवणे

पहिल्या बॅचपासून एक वही ठेवावी. तारीख, प्रयोग, उपस्थिती, काय अडले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, एवढ्या चार-पाच ओळी त्याच संध्याकाळी लिहाव्यात. सत्र संपताना विद्यार्थ्यांकडून निनावी अभिप्राय घ्यावा, आणि त्यात ‘सर चांगले शिकवतात’ अशा वाक्यांना जागा न ठेवता ‘कोणता प्रयोग अजूनही समजला नाही?’ असा नेमका प्रश्न विचारावा. अनुभवाचे पत्र सत्र संपल्याबरोबर मागावे. विभागप्रमुखपद आळीपाळीने बदलते, आणि तीन वर्षांनी नव्या प्रमुखांना जुन्या कामाची माहिती नसते. पत्रात वर्ग, प्रात्यक्षिकाचे नाव, सत्र, आठवड्याचे तास आणि बॅचमधील विद्यार्थ्यांची संख्या असावी, आणि काम मानधनासह होते की विनामानधन हे स्पष्ट लिहिलेले असावे. हे पत्र, मूळ अर्जाची आवक क्रमांक असलेली प्रत आणि स्वतः तयार केलेली प्रयोगांची पाने एका फाइलमध्ये लावून ठेवावीत. ती पाने पुढच्या वर्षी त्या बॅचवर येणाऱ्या नव्या साहाय्यकाला झेरॉक्स करून द्यावीत.